‘ब्रिजर्टन’: कुठे नुसता रंग दिला, कुठे तुळईला हात घातला

नेटफ्लिक्सवरच्या ‘ब्रिजर्टन’ या मालिकेचं नाव निघालं की पहिला प्रश्न ठरलेला असतो: १८१३ सालच्या लंडनमध्ये काळा ड्यूक आला कुठून? प्रश्न गैर नाही, पण त्याचा जीव लहान आहे. दोन मिनिटांत ‘कल्पित आहे, चालतंय’ आणि ‘इतिहासाची वाट लावली’ असे दोन तट पडतात आणि मालिका राहते बाजूलाच. त्यापेक्षा एखादा जुना वाडा दुरुस्त करणारा माणूस जे विचारेल ते विचारावं. मूळ कादंबरीत या पात्राच्या वर्णावर किंवा लिंगावर कथानकाचा किती भार होता? आणि ते बदलल्यावर तो भार कुणी उचलला? भिंतीला रंग कुठलाही द्या, छप्पर हलत नाही. तुळई काढायची तर आधी टेकू लावावा लागतो. या मालिकेत काही टेकू फार हुशारीनं लावलेत. काही ठिकाणी मात्र तुळई काढून खाली नुसता रेशमी पडदा सोडलाय.

इथे पहिले तीन सीझन आणि ‘क्वीन शार्लट’ ही पूर्वकथा विचारात घेतली आहे. आठ-आठ भागांचे तीन सीझन, सहा भागांची पूर्वकथा, म्हणजे एकूण ३० भाग. प्रत्येक भाग साधारण तासाभराचा, कुठे थोडा कमी, कुठे जास्त. मूळ माल ज्युलिया क्विन यांच्या आठ कादंबऱ्यांचा. त्या २००० ते २००६ या काळात आल्या. ब्रिजर्टन घराण्यातली आठ भावंडं, त्यांची नावं इंग्रजी वर्णमालेच्या क्रमानं, आणि प्रत्येकाच्या लग्नाची एक कादंबरी. मालिकेनं हा क्रम तिसऱ्या सीझनला मोडला. बेनेडिक्टचं पुस्तक तिसरं, कॉलिनचं चौथं, पण पडद्यावर कॉलिन आधी आला. पाहणाऱ्यानं पहिला सीझन, मग ‘क्वीन शार्लट’, मग दुसरा आणि तिसरा असा क्रम लावावा. प्रदर्शनाचा क्रम हा नाही. दुसरा सीझन मार्च २०२२ मध्ये आला आणि पूर्वकथा मे २०२३ मध्ये. पण राणी काळी का आणि उमराव काळे कसे, याचा खुलासा पूर्वकथेतच आहे. तो आधी हाताशी असला तर पुढचे सीझन जास्त शहाणे वाटतात. राणी शार्लट मूळ कादंबऱ्यांत पात्र म्हणून नाहीच, हेही लक्षात असू द्या. म्हणजे ज्या खांबावर मालिकेचं सगळं वर्णकारण उभं आहे, तो खांबच नवा आहे.

आता वादाबद्दल. त्यात तीन वेगळ्या गोष्टी एकाच पातेल्यात ढवळल्या जातात. पहिली: नट कोण आणि पात्र कोण. जोनाथन बेली हा उघडपणे समलिंगी असलेला नट अँथनीची भूमिका करतो. अँथनी म्हणजे ब्रिजर्टन भावंडांतला थोरला, बायकांच्या मागे लागणारा उमराव, आणि कुणालाही ते खटकलं नाही. नटानं स्वतःपेक्षा वेगळं होणं हा अभिनयाचा मूळ धर्म आहे. बालगंधर्वांची भामिनी डोक्यावर घेतलेल्या भाषेत तरी हे समजावून सांगायची गरज पडू नये. पण हाच न्याय उलट बाजूनं लावला की अडचण होते. ट्रान्स स्त्रीची भूमिका ट्रान्स नसलेल्या नटानं केली तर आक्षेप येतो, आणि तो अभिनयक्षमतेवरचा नसतो. ज्यांना बाकीच्या भूमिका मिळतच नाहीत त्यांची उरलीसुरली एक भूमिकाही गेली, असा तो हिशेब असतो. दुसरी गोष्ट: पात्र तेच ठेवून नट कुठल्याही वर्णाचा घ्यायचा आणि कथेत त्याचा उल्लेखही करायचा नाही. तिसरी: पात्रच बदलायचं, म्हणजे आडनाव, घराणं, लिंग सगळं. ‘ब्रिजर्टन’ मुख्यतः तिसऱ्या प्रकारात मोडते. पहिल्या दोन सीझनचे कर्तेधर्ते ख्रिस व्हॅन ड्यूसेन यांनी ‘वर्णांध’ हा शब्द नाकारला होता. आम्ही वर्ण न पाहता नट घेतले असं नाही, पाहून घेतले, असं त्यांचं म्हणणं. ही कबुली त्यांना पुढे महागात पडते, कारण वर्ण पाहून घेतलं म्हटल्यावर त्याचे परिणामही पाहावे लागतात.

सायमन, ड्यूक ऑफ हेस्टिंग्स. कादंबरीत निळ्या डोळ्यांचा गोरा तरुण, पडद्यावर रेगे-जाँ पेज. मूळ कथेत सायमन लहानपणी तोतरा असतो, बाप त्याला टाकतो, आणि बापावर सूड म्हणून तो वंश न वाढवायची शपथ घेतो. सगळं कथानक या शपथेवर टांगलेलं आहे. पुस्तकातला बाप नुसता घमेंडी आहे, आपल्या घराण्यात असं पोर कसं, इतकीच त्याची तक्रार. मालिकेनं दुसऱ्या भागात बापाच्या तोंडी एक वेगळंच कारण घातलं. आपल्याला हे घराणं राजेशाहीनं दिलंय, आणि आपण असामान्य राहू तोवरच ते आपलं राहील. दोन-तीन वाक्यांत क्रूर बाप घाबरलेला बाप झाला. तोतरेपणा ही घरची लाज होती, ती आता जातभाईंच्या मानेवर टांगलेली तलवार झाली. पात्राचा वर्ण बदलल्यावर असा बदल जुन्या कारणाच्या पोटात शिरवता आला तरच रूपांतर जमलं म्हणायचं. पहिल्या सीझनमधली ही सर्वांत नेमकी कारागिरी आहे, आणि तिच्याबद्दल फारसं कुणी बोलत नाही.

चौथ्या भागात काळ्या उमरावांपैकीच एक, लेडी डॅनबरी, सायमनला सांगते की रंगानं विभागलेले आपण दोन समाज होतो, मग एका राजाचं आपल्यातल्या एकीवर प्रेम बसलं. सायमन उलट विचारतो की राजाच्या लहरीनं जे मिळालं ते लहरीनंच जाणार नाही कशावरून. संवाद उत्तम आहे, पण आठ तासांत तेवढाच. ब्रिटननं गुलामांचा व्यापार १८०७ मध्ये बंद केला, पण कॅरिबियन वसाहतींतली गुलामी १८३३ च्या कायद्यापर्यंत चालू होती. १८१३ मधल्या चकचकीत हवेल्यांमागे उसाच्या मळ्यांचा पैसा होता. काळ्या ड्यूकच्या शेजारच्या पंगतीत तो पैसा बसलेला असणार. मालिका तिकडे मान वळवत नाही. नाचगाण्याच्या मालिकेकडून इतकी अपेक्षा का, असं कुणी म्हणेल. पण तो राजाच्या लहरीचा संवाद मालिकेनंच घातलाय.

आणि मग सहावा भाग. ज्यांनी पाहिलं नाही त्यांना आधीच सावध करणं बरं. सायमनची बायको, ब्रिजर्टन घराण्यातली डॅफ्नी, नवऱ्याच्या संमतीशिवाय, त्याची शपथ मोडेल अशा रीतीनं, त्याच्याशी संबंध पूर्ण करते. कादंबरीत सायमन त्या वेळी दारूच्या नशेत असतो, आणि त्यावर वर्षानुवर्षं टीका झालेली आहे. मालिकेनं नशा काढली, प्रसंग ठेवला. पुस्तकात दोघंही गोरे होते. पडद्यावर एक गोरी उमरावकन्या एका काळ्या पुरुषाच्या शरीरावर त्याच्या इच्छेविरुद्ध हक्क गाजवते, तेही गुलामी कायदेशीर असलेल्या साम्राज्याच्या राजधानीत. वर्ण पाहून पात्रयोजना केली म्हणणाऱ्यांनी हा प्रसंग संहितेत पुन्हा वाचायला हवा होता. इथे छप्पर खरंच खाली आलंय. सातव्या भागापासून सगळे ते न दिसल्यासारखं करत त्याखालून वावरतात. त्याच सीझनमध्ये लग्नाआधी गरोदर राहणारी, फसवली जाणारी, दयेवर जगणारी मरीनाही काळी आहे. पुस्तकांत तिला जेमतेम जागा होती. पडद्यावर तिला वाढवलं, पण सगळं वाढलं ते दुःखाच्या बाजूनं.

‘क्वीन शार्लट’ त्यामानानं कितीतरी भक्कम. खरी शार्लट ८ सप्टेंबर १७६१ रोजी लंडनला पोचली आणि त्याच संध्याकाळी तिसऱ्या जॉर्जशी तिचं लग्न लागलं. पुढे १५ मुलं झाली. तिच्या वंशात आफ्रिकी अंश होता, हा तर्क पोर्तुगालच्या तिसऱ्या अफोन्सोच्या मद्रागाना नावाच्या रखेलीपर्यंत जातो. म्हणजे शार्लटच्या आधी पाचशे वर्षं. बहुतेक इतिहासकार तो मानत नाहीत, आणि मालिकेला त्याची गरजही नाही. मालिका म्हणते, समजा ती दिसायलाच सावळी होती, तर राजवाडा काय करेल? उत्तर फार व्यवहारी आहे. राजमाता ऑगस्टाला कळतं की लग्न तर ठरलंय. मग ते सुरुवातीपासूनच ठरवून केल्यासारखं दिसावं म्हणून ती रातोरात काळ्या धनिकांना किताब वाटून टाकते. याचं नाव ‘महाप्रयोग’. उदारमतवाद दरबारी गैरसोयीतून जन्माला येतो, हे दाखवायला धैर्य लागतं.

खरी मेख त्याच्या पुढे आहे. लेडी डॅनबरीचा नवरा लॉर्ड डॅनबरी मरतो. किताब त्याला दिला होता, पण त्याच्या मुलाला तो मिळणार का? आधी असं कधी घडलेलंच नाही. त्यामुळे पहिल्या मृत्यूलाच सगळ्या प्रयोगाची परीक्षा होते. वारसाहक्काच्या एका कोरड्या कलमावर तरुण विधवेचं घर, तिची अब्रू आणि सगळ्या नव्या उमरावांचं भवितव्य टांगलेलं आहे. पात्रयोजनेतला बदल कायद्याच्या यंत्रात घालून ते यंत्र फिरवून दाखवलंय. फक्त एकच मालिका बघायला वेळ असेल तर या सहा भागांना द्यावा.

दुसरा सीझन मराठी प्रेक्षकानं हातात चष्मा घेऊन बघावा असा आहे. कादंबरीतल्या शेफिल्ड बहिणी इथे शर्मा झाल्या. केट म्हणजे सिमोन अ‍ॅश्ली, एडविना म्हणजे चारित्रा चंद्रन. दोघीही तमिळ वंशाच्या. पात्रं मुंबईहून आलेली. एडविनाचे गुण मोजताना सांगितलं जातं की तिला फ्रेंच, लॅटिन येतं आणि मराठी, हिंदुस्तानीही येतं. जगभर पाहिल्या जाणाऱ्या मालिकेत मराठीचं नाव ऐकून बरं वाटतं, आणि तिथेच थांबतं. मराठी येते असं सांगितलं जातं, ती काही कानावर पडत नाही. केटला एडविना ‘दीदी’ म्हणते, केट तिला ‘बॉन’ म्हणते, म्हणजे बंगाली. बापाला ‘अप्पा’. अप्पा दक्षिणेतलं, म्हणून बऱ्याच जणांनी नाक मुरडलं. पण मराठी घरात अप्पा काय कमी आहेत? तो एक शब्द योगायोगानं का होईना बरोबर बसलाय. ‘ताई’ मात्र कुणालाच सुचली नाही. सतारीबरोबर एडविना ‘मारुली’ वाजवते असं ऐकू येतं. असं वाद्य नाही. कुणीतरी मुरलीचं स्पेलिंग हातून सांडलं, आणि ते संहितेतून, तालमीतून, संकलनातून कुणाच्याही हाताला न लागता पडद्यापर्यंत गेलं. एवढ्या मोठ्या पैशाच्या निर्मितीत एका अक्षराची चूक राहते, कारण ते अक्षर वाचू शकणारा माणूस शेवटच्या खोलीत बसलेला नसतो. विविधता कॅमेऱ्यासमोर आणली आणि संहितेच्या टेबलापाशी आणली नाही की काय होतं, ते या एका शब्दात सापडतं.

उलटंही घडतं, म्हणजे टीकाकारच घसरतात. केट इंग्रजी चहाला नावं ठेवते आणि मसाले घालून आपला चहा करते. ‘१८१४ मध्ये मसाला चहा कुठला? आसामचा चहा तर १८३० नंतरचा,’ असं बऱ्याच जणांनी सुनावलं. आसामच्या मळ्यांबद्दल ते खरं आहे. पण ओव्हिंग्टन नावाच्या इंग्रज पाद्र्यानं १६८९ मधल्या सुरतेच्या प्रवासवर्णनात लिहून ठेवलंय की तिथले बनिये चहात तिखट मसाले उकळून घेतात, डोकेदुखीवर उतारा म्हणून. सुरत-मुंबईच्या पट्ट्यातल्या बाईला ही युक्ती ठाऊक असणं अगदीच अशक्य नाही. लेखकांनी हे शोधून घातलं असेल असं वाटत नाही, पण फुकटचा दोष कशाला लावा.

सहाव्या भागातली हळद बघा. व्हायोलिनवर ओळखीचं हिंदी चित्रपटगीत, तिघीजणी एकमेकींना हळद लावतायत, छायाचित्रण देखणं. पण मुंबईकडची मराठी येणारी मंडळी म्हणता, तर उष्टी हळद कुठाय? आपल्याकडे आधी नवऱ्या मुलाला हळद लागते आणि त्यातली उरलेली नवरीकडे जाते. ही चूक काढायची म्हणून काढलेली नाही. नाटकाची केवढी मोठी संधी हातची गेली बघा. अँथनी लग्न एडविनाशी करतोय आणि जीव केटवर आहे. त्याच्या अंगाची उष्टी हळद त्या घरात आली असती आणि बहिणीला लावता लावता केटच्या बोटांना लागली असती, तर एका वाटीत अख्खा सीझन मावला असता. विधी माहीत असता तर संवादाचीही गरज पडली नसती. इथे हळद नुसतं वातावरण तयार करते.

काम करते ती बांगडी. लग्न चालू असताना केटच्या हातातली बांगडी निसटून खाली पडते. नवरा मुलगा विधी सोडून वाकतो आणि ती उचलून तिला देतो. एडविना बघते, आणि तिला सगळं कळतं. एकही शब्द नाही. वस्तू बाहेरून आणलेली आहे, पण तिच्यावर कथानकाचा सांधा फिरतो. पुस्तकात मधमाशी चावण्याच्या प्रसंगातून घाईघाईनं लग्न लावावं लागतं. मालिकेनं ते टाळून ही बांगडी आणली, आणि हा बदल मूळापेक्षा सरस आहे. एकाच सीझनमध्ये तिन्ही पायऱ्या सापडतात: मारुली हा दागिना, हळद हे नेपथ्य, बांगडी हे यंत्र.

तुळई मात्र एका जागी गुपचूप काढली आहे. एडविनाच्या आईनं एका साध्या कारकुनाशी लग्न केलं म्हणून शेफिल्ड आजी-आजोबांनी तिला टाकलं, आणि एडविनानं इंग्रज उमरावाशी लग्न केलं तरच पैसे देऊ अशी त्यांची अट आहे. अटीत ‘इंग्रज’ हा शब्द आहे, पण जेवणाच्या टेबलावरचं भांडण फक्त दर्जाबद्दल होतं. कारकून हिंदुस्थानी आहे, याबद्दल कुणी चकार शब्द काढत नाही. ज्या काळाची ही गोष्ट त्याआधी, १७९१ मध्येच, आई किंवा बाप हिंदुस्थानी असलेल्यांना ईस्ट इंडिया कंपनीच्या वरच्या नोकऱ्या बंद झाल्या होत्या. एडविना हे त्याच पिढीतलं मूल. आजीच्या तोंडून ती एक गोष्ट निघाली असती तर केटचा चिवट अहंकार कुठून आला हेही कळलं असतं. राणीच्या लग्नानं सगळे प्रश्न सुटले, असं मालिकेला इथे एकाएकी वाटायला लागतं.

लैंगिकतेच्या बाजूनंही असाच विसरभोळेपणा आहे. पहिल्या सीझनमध्ये चित्रकार ग्रॅनव्हिल बेनेडिक्टला स्पष्ट कल्पना देतो की त्याचं प्रेम म्हणजे जिवावरचा खेळ आहे. त्या वेळच्या इंग्लंडमध्ये पुरुषांच्या समसंबंधांना फाशी होती. शेवटचे दोघे १८३५ मध्ये लंडनच्या न्यूगेट तुरुंगाबाहेर फासावर गेले. तिसऱ्या सीझनमध्ये, म्हणजे कथेतल्या १८१५ मध्ये, बेनेडिक्ट स्वतः एक पुरुष आणि एक स्त्री यांच्याबरोबर रात्र घालवतो, आणि त्यात धोका म्हणावा असा काही उरत नाही. दार लावलं की नाही हेही कुणी पाहत नाही. सुखाचा प्रसंग दाखवायला हरकत काहीच नाही, पण मालिकेनं स्वतः सांगितलेला नियम स्वतःच विसरू नये.

आता मिकेला. जून २०२४ मध्ये तिसरा सीझन संपला आणि शेवटच्या भागात काही क्षणांच्या एका प्रवेशानं सगळ्यात मोठं वादळ उठवलं. ब्रिजर्टन भावंडांतल्या फ्रान्सेस्काचं जॉन स्टर्लिंगशी नुकतंच लग्न झालंय. कादंबरीत जॉन तरुण वयात जातो आणि पुढे तिचं लग्न त्याच्या चुलतभावाशी, मायकेलशी होतं. मालिकेनं मायकेलची मिकेला केली. भूमिका मसाली बडूझाची. एक गोष्ट नीट बघा: जॉनही पुस्तकात गोरा, पडद्यावर व्हिक्टर अ‍ॅली हा काळा नट. स्टर्लिंग घराण्याचा वर्ण बदलला तेव्हा कुठे पानही हललं नाही. लिंग बदललं आणि नटीला शिव्यांचा मारा सोसावा लागला. वर्णाचे बदल चार वर्षांत प्रेक्षकांच्या अंगवळणी पडले होते, लिंगाचा बदल नव्हता. ज्युलिया क्विन यांनी तेव्हा सांगितलं की इतक्या मोठ्या बदलाला होकार द्यायच्या आधी त्यांनाही जास्त माहिती हवी होती, आणि फ्रान्सेस्काचं जॉनवरचं प्रेम पडद्यावर दिसावं यावर त्यांचा भर होता.

आक्षेपांपैकी एक असा: मायकेलचं सगळं दुःख वारसाहक्कातून येतं. चुलतभाऊ मेल्यावर त्याचा किताब, त्याची जमीन आपल्याला मिळाली, आणि वर त्याची बायकोही हवीशी वाटते, म्हणून तो स्वतःला चोर समजतो. बाईला अर्लपद, म्हणजे हा उमरावी किताब, मिळणार नाही, म्हणजे चोरीही नाही, अपराधभावही नाही, मग कथा कसली? ऐकायला पक्कं वाटतं, पण ते इंग्लंडपुरतं. जॉनचं किलमार्टिन हे स्कॉटलंडमधलं अर्लपद आहे, आणि स्कॉटलंडची बरीच जुनी अर्लपदं मुलगा नसेल तर मुलीकडे जात. सदरलंडच्या एलिझाबेथचा अर्लपदावरचा हक्क १७७१ मध्ये हाउस ऑफ लॉर्ड्सनं मान्य केला. ती लहान मुलगी होती आणि समोर पुरुष दावेदार होते. म्हणजे मिकेला स्वतःच्या हक्कानं काउंटेस, म्हणजे स्त्री अर्ल, होऊ शकते, आणि मायकेलचं सगळं ओझं जसंच्या तसं तिच्या खांद्यावर जातं. कागदपत्रांची मेहनत तेवढी घ्यायला हवी. गंमत म्हणजे तिसऱ्या सीझनमध्येच मॉन्ड्रिच मुष्टियोद्ध्याच्या मुलाला आईच्या मावशीआजीकडून बॅरनपद मिळतं. बाईच्या बाजूनं किताब येतो, हे मालिकेनं त्याच आठ भागांत दाखवून ठेवलंय. टेकू दारात आणून ठेवलाय, लावायचा तेवढा बाकी.

दुसरा आक्षेप लग्नाचा. लग्न होणार नाही हे खरं. पण त्या समाजात सर्वांत मोकळी बाई कोण? पैसेवाली विधवा. नवऱ्याचा हक्क संपला, ठरलेलं उत्पन्न चालू, बापाला विचारायची गरज नाही. अशी विधवा मृत नवऱ्याच्या चुलतबहिणीला घेऊन राहिली तर शेजारी तिचं कौतुकच करतील. वेल्समध्ये लँगोलनला एलिनॉर बटलर आणि सारा पॉन्सन्बी १७८० पासून जवळपास पन्नास वर्षं एकत्र राहिल्या. लोक त्यांना मुद्दाम भेटायला जात. यॉर्कमध्ये अ‍ॅन लिस्टर आणि अ‍ॅन वॉकर यांनी १८३४ च्या ईस्टरला चर्चमध्ये एकत्र प्रसाद घेतला आणि स्वतःला विवाहित मानलं. स्त्रियांच्या संबंधांना पुरुषांसारखी फाशीची शिक्षाही नव्हती. त्यामुळे इथे लेखकांची अडचण उलटीच आहे. बाहेरून विरोध आणायचा कुठून? तो फ्रान्सेस्काच्या आतूनच यावा लागेल. मायकेल पुस्तकात स्वतःपासून पळून थेट हिंदुस्थानात येतो आणि हिवताप घेऊन परत जातो. मिकेला एकटी कशी येणार, तेही सुटू शकतं. त्या काळी गोऱ्या बायका भावाबरोबर, आत्याबरोबर जहाजानं येत होत्या.

तिसरा आक्षेप मात्र रास्त आहे आणि त्याला युक्तीनं उत्तर नाही. फ्रान्सेस्काच्या कादंबरीचा गाभा मूल आहे. जॉन गेल्यावर तिचा गर्भ जातो, पुन्हा लग्न करावंसं वाटतं तेही मुलासाठी, आणि दुसऱ्या लग्नातही वर्षानुवर्षं पाळणा हलत नाही. बाकी सात पुस्तकांत शेवटी पोरंबाळं आपोआप होतात. हे एकच पुस्तक ते होत नसलेल्या बायकांचं होतं, आणि त्या वाचकांना त्यांची एकमेव जागा गेल्यासारखं वाटलं. त्यांना सरसकट समलिंगीद्वेष्टे ठरवणं हा आळस आहे. तिसऱ्या सीझनच्या प्रमुख जेस ब्राउनेल यांची बाजूही पोकळ नाही. आपण घरात वेगळ्या आहोत ही फ्रान्सेस्काची भावना त्यांना क्विअर वाचक म्हणून ओळखीची वाटली. एकाच पात्रात दोन वेगळ्या वाचकांना स्वतःचा चेहरा दिसला, आणि पडद्यावर एकच मावला. गर्भ जाण्याचा भाग तरी ठेवला तर अर्धं देणं फिटेल.

चुकलंय ते वेगळ्याच जागी. सीझनभर जॉन-फ्रान्सेस्काची गोष्ट शांततेवर बांधली होती. दोघं बोलायची गरज न पडता शेजारी बसतात, तो तिच्यासाठी एक धून नव्यानं लिहून आणतो. आई व्हायोलेटला हे प्रेम वाटतच नाही, कारण तिला स्वतःच्या नवऱ्याला पहिल्यांदा भेटल्यावर स्वतःचं नाव सुचलं नव्हतं. लेक तिला पटवते की प्रेम असंही असतं. इतकी सुरेख मांडणी केल्यावर शेवटी मिकेला समोर येते आणि फ्रान्सेस्काला स्वतःचं नाव सुचत नाही. म्हणजे आईचंच खरं होतं. शांत प्रेमाची बाजू मांडणारे सगळे प्रसंग त्या एका अडखळण्यानं मागे जाऊन खोडले गेले, आणि लग्नाचं चुंबन झाल्यावर नवरीचा उतरलेला चेहरा पुन्हा बघितला तर तो आधीपासूनच खोडलेला दिसतो. हा दोष बाईला बाई आवडण्याचा नाही. तिथे मायकेल उभा असता तरी जॉनचा असाच बळी गेला असता. पुस्तकात जॉन जिवंत असेपर्यंत ओढ फक्त मायकेलच्या बाजूनं आहे, फ्रान्सेस्का निखळ सुखी आहे, म्हणूनच जॉनचं जाणं बोचतं. ती ओढ मिकेलाच्या चेहऱ्यावर दाखवायची आणि फ्रान्सेस्काला सरळ आपलं नाव सांगू द्यायचं, एवढा बदल पुरला असता. कॅमेरा फक्त दुसऱ्या बाईवर ठेवायचा होता.